सगळे नळ एकदम

गार

आई मनगटाने ढकलून नळ सोडते आणि करंगळी धारेखाली धरते. करंगळीच, कारण बाकीची बोटं सकाळी मिटलेली असतात. उठल्या उठल्या हात गरम पाण्यात ठेवा, मग सांधे मोकळे होतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते मोकळे झाल्याशिवाय तिला शेगडीचं बटण फिरवता येत नाही, वेणी घालता येत नाही, मागच्या दाराची कडी निघत नाही. गरम पाणी येईपर्यंत तिची सकाळ सुरू होत नाही.

खाली बादली. पाणी वाया गेलेलं तिला चालत नाही.

मी सुटीच्या दिवशी सकाळीच येते आणि टेबलाशी बसून हे बघते. "मी शेगडी पेटवते," म्हटलं की ती म्हणते, "तू बस. येईलच आता."

बादली भरते. ती पायाने सरकवते. दुसरी लावते.

गार

या घरात गरम पाणी लवकर येत नाही, ही आमच्या नातेवाइकांत गाजलेली गोष्ट आहे. मामा म्हणायचा, "भाऊजींच्या घरी अंघोळ करायची तर नळ सोडायचा, बाहेर जाऊन दाढी करून यायचं, आणि मग साबण शोधायला लागायचं." सगळे हसायचे. बाबा हसायचे नाहीत.

बाबा फिटर होते, पुढे फिटरांचे मिस्त्री झाले. पाइप केवढा घ्यायचा हे मला त्यांनीच शिकवलं, आणि आता त्यावरच माझं पोट आहे. मी एका आराखडे काढणाऱ्या कचेरीत बसते. इस्पितळं, वसतिगृहं, धुलाईचे कारखाने. पाणी, वाफ, ऑक्सिजन, गॅस. कशात काय वाहणार, किती वाहणार, कुठवर जाणार ते विचारायचं आणि पाइपाचा आकार ठरवायचा. लोकांना वाटतं, त्यात ठरवायचं काय, मोठाच घ्यावा. मोठ्याने कुणाचं वाईट झालंय?

होतं. पाइप लहान पडला तर लगेच कळतं. धार बारीक होते, पाइप शिट्टी मारतो, शेवटच्या शेगडीची ज्योत झुरते, माणसं भांडायला येतात. पाइप मोठा झाला तर कुणी भांडत नाही. एक इंचाच्या पाइपात अर्ध्या इंचाच्या चौपट पाणी मावतं, आणि ते रात्रभर भिंतीत पडून गार होतं. सकाळी नळ सोडला की आधी ते सगळं बाहेर यायला हवं, मग गरम. मोठ्या पाइपाची शिक्षा एवढीच, की वाट बघावी लागते. आणि वाट बघायची सवय होते.

म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमच्या धंद्यात उलटं आहे, आधी पाय मोजायचे, मग अंथरूण शिवायचं. बाबा तर त्याच्याही पुढे जायचे. "पाय मोजताना हेही बघायचं," ते सांगायचे, "की सगळे एका वेळी झोपायला येत नाहीत. इमारतीत नळ शंभर असले तरी शंभर कधी एकदम उघडत नाहीत. आपला सगळा हिशेब त्या विश्वासावर चालतो."

स्वतःच्या घरात मात्र त्यांनी सगळे नळ एकदम उघडतील असं धरलं.

गार

"नळ किती आहेत?" मी आईला विचारलं. हिवाळा तोंडावर होता आणि मी पाइप बदलायचा असं ठरवूनच आले होते.

"तुला माहीत नाहीत?"

"गिऱ्हाइकाला विचारावं लागतं."

"बरं बाई. चहा घेणार का, साहेब?"

"आई, नळ."

"इथे हा. तीन न्हाणीघरं, प्रत्येकात दोन. मागे धुण्याचा. आणि जिन्याच्या वर एक, तो तुझ्या बाबांनी कशाला बसवला देव जाणे. वर गेलेलं कुणी तिथे थांबून हात धुतल्याचं मी पाहिलं नाही."

"गीझरपासून सगळ्यात लांबचा?"

"हाच. माझा."

"माणसं किती?"

तिची बोटं आता थोडी सुटली होती. एकेक दुमडत ती मोजू लागली. "दादा, सूनबाई, दोघं नातू. सूनबाईच्या आई एखादे वेळी येतील म्हणतात..."

"राहणारी माणसं, आई."

दुमडलेली बोटं तिने तशीच ठेवली.

"मग तसं विचारावं," ती म्हणाली. "एक."

मी एक धरला.

अजून गार

दादा समुद्रापलीकडे असतो. बाबा गेल्यानंतर एकदा सगळ्यांना घेऊन आला, तेव्हा आईने माझी जुनी खोली नातवांसाठी सजवली होती. एकावर एक असा दोन मजली पलंग आणला, वरच्याला शिडी. गाद्यांवरचं प्लास्टिक मुलं आली की त्यांच्यासमोर काढायचं म्हणून ठेवलं होतं.

पहिल्या सकाळी धाकटा नातू गारठून रडला. दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात राहायला गेले. जेवायला मात्र रोज येत होते. प्लास्टिक अजून आहे.

मी दादाला फोन लावला आणि आईलाही ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला.

"अगं, करून टाक ना," दादा म्हणाला. "एवढं विचारायचं काय त्यात? तू तर त्यातलीच आहेस."

"आई नाही म्हणतेय. तुम्ही सगळे आलात तर बारीक पाइप पुरणार नाही म्हणे."

"वेडी आहे का? तिला सांग, आमची काळजी करू नको. आम्ही आलो की हॉटेलातच उतरू. तिलाही त्रास नको."

तो हे प्रेमानेच म्हणाला. आईने मनगटाने नळ सोडला आणि त्याच्या आवाजात आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवलं.

"कसला आवाज येतोय?" दादाने विचारलं.

"पाणी."

"गरम आलं का मग?" आणि तो हसला, अगदी मामासारखा.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ऐकलंस ना? या पाइपामुळेच ते इथे राहिले नाहीत. ज्यांच्यासाठी घातला, तेच त्याला कंटाळून गेले."

आईने नळ बंद केला.

"पाइपामुळे नाही गेले," ती म्हणाली. "पाइप हे सांगायला बरं कारण आहे. ते काढून घेतलंस, तर पुढच्या वेळी काय सांगतील बिचारे?"

गार

दुपारी मी गच्चीवर टाकी बघायला गेले. झाकण उचललं तर आत पाणी झरझर उतरत होतं. माणूस एकटं असलेल्या घरातली टाकी अशी उतरत नाही. कुठेतरी पाइप फुटला असं वाटून मी धावत खाली आले.

फुटलं काहीच नव्हतं. तिन्ही न्हाणीघरांची दारं सताड उघडी होती आणि आत सगळे नळ चालू होते. मागचा धुण्याचा चालू होता. जिन्याजवळचा चालू होता. स्वयंपाकघरातला चालू होता. घर नुसतं वाजत होतं. आई बोळकांडीच्या बरोबर मधोमध उभी होती, हात पोटाशी धरून, मान थोडी वाकडी.

"आई, काय चाललंय?"

"बोलू नकोस. ऐक."

मी ऐकलं. एकीकडे बादलीत पडणारं पाणी, एकीकडे फरशीवर, एकीकडे पत्र्याच्या टबात. डोळे मिटले असते, तर कुणीतरी अंघोळ करतंय, कुणीतरी कपडे बुडवतंय, कुणीतरी नुसतंच हात धुतंय असं वाटलं असतं.

"एक तरी बारीक झालाय का, सांग," आई म्हणाली.

झाला नव्हता.

"पाइपाचं काम संपलं त्या दिवशी तुझ्या बाबांनी मला इथे उभं केलं. सगळे नळ स्वतः जाऊन सोडून आले. म्हणाले, समज, त्या न्हाणीघरात दादा आणि त्याचं बिऱ्हाड. ह्यात आपली पोरगी. त्यात पाहुणे. तू इथे भांडी घासतेस. कुणालाही कुणासाठी थांबावं लागणार नाही." तिने पुन्हा कानोसा घेतला. "मी अधूनमधून लावून बघते. अजून तसंच आहे."

मधल्या न्हाणीघराकडे मी बघत राहिले. त्यातला नळ माझा होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही दोघी एकेक नळ बंद करत गेलो. शेवटचा बंद केल्यावर जी शांतता झाली तिच्यात उभं राहणं अवघड होतं, म्हणून मी चहा टाकला.

कोमट

बाबांच्या हाताखाली काम केलेले एक फिटर अजून आमच्या घरी येतात. त्यांच्या हातातून पाना कधी सुटत नाही म्हणून त्यांचं नाव पाना, आणि आम्हा मुलांचे ते पानाकाका. आता केस पिकलेत, गुडघे वाजतात, पण पाना तोच आहे.

त्यांनी पान्याने भिंत ठोकत ठोकत जुना पाइप कुठून गेलाय ते शोधलं.

"हा बघ. मी तेव्हाच मिस्त्रींना म्हटलं होतं, अहो हा पाइप आहे की बोगदा? शाळेला पुरेल. तर म्हणाले, पाना, तुला पोरंबाळं नाहीत म्हणून तुला कळत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पोरं नव्हती हे खरंच होतं. पण पाइप कळत होता की नाही?"

"भाऊजी," आई आतून म्हणाली, "तुम्हाला तो उखडायचा असेल तर चहा मिळणार नाही."

"वहिनी, उखडायला माझे गुडघे आहेत कुठे? भिंत फोडायची म्हणजे आधी मला खाली बसवा, मग उठवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा असू दे आपल्या जागी. भिंतीवरून दुसरा नेऊ, बारीक. गीझरपासून निघायचं, वहिनींच्या न्हाणीघराला एक तोंड द्यायचं, तसंच स्वयंपाकघरात यायचं. जुन्याला व्हॉल्व्ह लावून बंद करायचा. पाहुणे आले की उघडायचा."

मला हे पटलं नाही. बंद पाइपात पाणी साचून राहिलं की ते शिळं होतं, त्यात नको ते वाढतं. कचेरीत अशी रेघ कुणी काढली तर मी खोडून टाकते. मी तसं म्हटलं.

"मग ते साचू द्यायचं नाही," पानाकाका म्हणाले. "मधून मधून व्हॉल्व्ह उघडायचा, सगळे नळ सोडायचे आणि पाइप धुवून काढायचा."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली.

"सगळे नळ?" तिने विचारलं. "एकदम?"

"एकदम सोडले तर उत्तमच."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी या कामाची माणूस आहे आणि उत्तर मलाच द्यायचं होतं.

"दर आठवड्याला," मी म्हटलं. "न चुकता. नाहीतर पाणी खराब होईल."

"मग चालेल," आई म्हणाली. "व्हॉल्व्हची मूठ लांब ठेवा हं भाऊजी. मला मनगटाने ढकलता आली पाहिजे." आणि चहाला आधण ठेवायला आत गेली.

"नवा केवढा घेऊ?" पानाकाकांनी विचारलं.

"अर्धा इंच. एकच माणूस आहे."

"एका माणसाला अर्धा म्हणजे राजेशाही."

गरम

काम झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. नवा पाइप भिंतीवरून सरळ, उघडाच गेला होता. बाबांना उघडा पाइप आवडायचा नाही, आई तसं म्हणाली, पण तक्रार केल्यासारखं नाही. पानाकाका हत्यारं गोळा करून गेले आणि आम्ही दोघी नळासमोर उभ्या राहिलो. आईने सवयीने बादली लावली, मनगटाने नळ ढकलला, करंगळी पुढे केली.

आणि झटकन मागे घेतली.

"इतक्यात?"

"इतक्यातच."

तिने दोन्ही हात धारेखाली धरले. वाफ तिच्या चष्म्यावर आली. बादलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि दिवसभरात पुन्हा आखडलेली बोटं एकेक करून सुटत गेली, आधी तर्जनी, मग बाकीची. शेवटी पंजा सगळा उघडला, तेव्हा ते तिच्याच लक्षात आलं नाही. ती बादलीकडे बघत होती.

"आता तेवढ्या वेळात मी काय करू?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही गं. पाणी येईपर्यंत एकेकाची आठवण काढत उभी राहायचे. पहिली बादली दादाची. तिकडे आता काय वाजलं असेल, पोरं झोपली असतील का उठली असतील. दुसरी तुझ्या बाबांची. त्यांना शिव्या देईपर्यंत गरम यायचं."

माझी बादली कुठली, हे मी विचारलं नाही.

तिने नळ बंद केला, लावावीच न लागलेली दुसरी, कोरडी बादली उचलून कोपऱ्यात उपडी घातली. मी पिशवी खांद्याला लावली. माझी खोली कचेरीच्या जवळ आहे, भाड्याची, आणि मी अंधार पडायच्या आत निघते. बाबा गेल्यापासून हे असंच आहे. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायला कुणी सुरुवातच केली नाही.

"आज राहा," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "सकाळी नीट चालतंय का ते बघ. उद्या बिघडलं तर मी कुणाला विचारू?"

मी नातवांच्या खोलीत, खालच्या पलंगावर झोपले. कूस बदलली की प्लास्टिक वाजत होतं. काढलं मात्र नाही.

बारीक

सकाळी आईच्या न्हाणीघरात डोक्याला साबण लावला होता आणि धार गेली.

गेली म्हणजे दोऱ्याएवढी उरली. मी हात फिरवून नळ पूर्ण उघडला. काही नाही. टाकी रिकामी? व्हॉल्व्ह? कचेरीत शिकलेली सगळी कारणं एकेक करून तपासली आणि मग भिंतीपलीकडून आवाज आला, स्वयंपाकघरातल्या मोरीत पडणाऱ्या पाण्याचा.

"आई, नळ सोडलास का?"

"हो. का गं?"

"इकडे पाणी गेलं."

पलीकडचा आवाज थांबला. माझी धार एकदम भरून आली, गरम, जोरात. मी डोकं पुढे केलं, आणि डोळ्यांसमोर तिचे हात आले. मिटलेले. नळासमोर धरलेले.

मी नळ बंद केला.

"झालं तुझं?" आईने विचारलं.

"नाही. तुझं होऊ दे आधी."

"माझं काय, मला सवय आहे."

"मलाही आहे."

"डोक्याला साबण लावून बसण्याची?"

दोन्ही नळ बंद. मधल्या भिंतीवर आमचा तो नवा पाइप, त्यात गरम पाणी उभं, आणि ते आता तिथेच गार व्हायला लागलेलं. साबणाचा फेस भुवईपर्यंत उतरला. मी तो मनगटाने पुसला.

"किती इंच सांगितलास भाऊजींना?" आईने विचारलं.

"अर्धा."

"अर्ध्यात दोन नळ चालत नाहीत. मला तुझ्या बाबांच्या संसारात एवढं तरी कळलंय."

"तू एक माणूस म्हणालीस."

"तू राहणारी माणसं विचारलीस. राहतेस का तू?"

मी रोज अनोळखी लोकांना विचारते, या इमारतीत कोण कोण राहणार, कोण वरचेवर येणार, कुणाला विसरला नाहीत ना. शाळेत शिपाई मोजते. इस्पितळात रात्रपाळीचा पहारेकरी मोजते. न्हाणीघराच्या स्टुलावर बसून मी भिंतीकडे बघत होते.

"तू स्वतःला धरलंच नाहीस का गं?" आई म्हणाली.

"तू तरी कुठे धरलंस?"

पलीकडे भांडं सरकल्यासारखा आवाज झाला.

"राहू का?" मी विचारलं. मोठ्याने विचारावं लागलं, मध्ये भिंत होती.

"आधी पाणी घे. डोळ्यांत जाईल साबण."

"तूही घे. एकदम सोडू."

"बारीक येईल."

"येऊ दे."

मी नळ सोडला. तिकडे तिनेही सोडला, आवाज आला. करंगळीएवढी धार आली, तिच्याकडेही तेवढीच असणार. आधी थोडी गार, मग नाही. एवढ्याशा पाण्यात माझ्या केसांतून साबण निघायला खूप वेळ लागला. ती वाट बघत नव्हती, तिचं चालू होतं, मधूनच शेगडी पेटल्याचा आवाज आला.

"भाऊजींना फोन कर," पाण्याच्या आवाजावरून ती म्हणाली. "म्हणावं, पाऊण इंच लागेल."

"करते दुपारी."

"आत्ता कर. दुपारपर्यंत परत मोजायला विसरशील."